कामियानो: बेटावरचा नवखा माणूस

इअरफोन लावलेत ना? आज लांब जायचंय, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. पण सुरुवात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून.

२०२१ चा एप्रिल. वरच्या मजल्यावरच्या काकांना कोविड झाला होता. एकटेच राहायचे, आमची फारशी ओळखही नव्हती. डबा आमच्या घरून जायचा आणि पोचवायचं काम माझं. दाराबाहेर डबा ठेवायचा, बेल दाबायची आणि दार उघडायच्या आत खाली पळायचं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याची इमोजी आणि 'काका, प्रार्थना करतोय.' खरं सांगू? प्रार्थना वगैरे काही केली नव्हती. काका बरे झाले. नंतर एकदा सहज म्हणाले, "दिवसभरात तुझ्या चपलांचा आवाज, तेवढीच काय ती सोबत रे." ते काही डोक्यातून जात नाही.

आता हवाई. १८६५ साली तिथे कायदा झाला: कुष्ठरोग झालेल्यांना वेगळं काढायचं. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडले. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलाय? तसा उभा कडा, त्याच्या पायथ्याशी जमिनीची एक जीभ आणि तिच्या तिन्ही बाजूंना समुद्र. गेलेला माणूस परत यायचा नाही. हे विलगीकरण कायद्याने संपलं ते थेट १९६९ मध्ये.

१० मे १८७३ ला इथे डेमियन नावाचा पाद्री उतरला. बेल्जियमच्या शेतकरी घरातला, वय ३३. हवाईत येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती, भाषा येत होती. चार पाद्र्यांनी आळीपाळीने जायचं असा बेत होता. हा गेला आणि राहिलाच. राहायला घर नव्हतं, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्याने केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात की, नरकात देवदूत आला आणि सगळं बदललं. मला ती तशी आवडत नाही. कारण डेमियन यायच्या सहा-सात वर्षं आधी, डिसेंबर १८६६ मध्ये, ३५ जणांनी तिथे स्वतःचं चर्च स्थापन केलं होतं. सिलोआमा त्याचं नाव. शिवाय 'कोकुआ' होते, म्हणजे नवऱ्याबरोबर किंवा लेकराबरोबर स्वतःहून त्या टोकावर आलेली धडधाकट माणसं. त्यांचे पुतळे कुणी उभारले नाहीत. थोडक्यात काय, प्रार्थना तिथे आधीपासून होती, मायाही होती. परका होता तो डेमियनच.

त्या माणसांनी त्याला आपलंसं केलं. हवाईयन भाषेत 'ड' नाही, म्हणून डेमियनचा 'कामियानो' झाला. लाकडाच्या वाडग्यात 'पोई' असायचं, म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून केलेलं लगद्यासारखं अन्न. सगळ्यांनी त्यातच बोटं घालून खायचं. रुग्णांना शिवू नको, अशी त्याला वरून ताकीद होती. तो त्याच वाडग्यातून खायला लागला.

सोपं होतं का? मुळीच नाही. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की, रुग्णांच्या झोपडीत प्रार्थना करताना जखमांच्या वासाने नाक दाबून धरावं लागे, मोकळ्या हवेसाठी बाहेर जाऊन उभं राहावं लागे. त्या वासावर उतारा म्हणून तो तंबाखू ओढायला लागला. मला डेमियन इथे सगळ्यात जवळचा वाटतो. नाक दाबून बाहेर जायचा, पण पुन्हा आत जायचा. जखमा धुवायचा, घरं बांधायचा, माणूस गेला की त्याची शवपेटीही स्वतः ठोकायचा. उपदेश करताना 'माझ्या बंधूंनो' ऐवजी 'आम्ही कुष्ठरोगी' म्हणायचा. तेव्हा तो ठणठणीत होता!

गंमत बघा, त्याच १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन या डॉक्टरने कुष्ठरोगाचा जंतू शोधला. पण गुण येईल असं औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. डेमियनच्या हाती औषध असं नव्हतंच.

१८८४ च्या डिसेंबरात त्याचा पाय उकळत्या पाण्याने भाजला. फोड आले, पण दुखलं काहीच नाही. काय समजायचं ते तो समजला. आता आजारी तो होता आणि त्याच्यासाठी लांबून माणसं येऊ लागली. १८८६ मध्ये जोसेफ डटन हा अमेरिकेचा माजी सैनिक आला आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं तिथेच राहिला. १८८८ मध्ये मारियान कोप ही नन आली. १५ एप्रिल १८८९ ला डेमियन गेला, वयाच्या ४९ व्या वर्षी. पुरला कुठे? त्याच झाडाखाली.

कोविडमध्ये अंतर पाळणं बरोबरच होतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मास्क लावून जिन्याच्या खालच्या पायरीवर पाच मिनिटं थांबता आलं असतं. 'काका, आमटी खारट झालीय का?' एवढं तरी ओरडून विचारता आलं असतं.

१९३६ मध्ये बेल्जियमने डेमियनचे अवशेष मायदेशी नेले. २००९ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं. पण त्याआधी, १९९५ मध्ये, त्याच्या अवशेषांपैकी एक भाग मोलोकाईला परत आला आणि त्याच जुन्या कबरीत ठेवला गेला. तो होता त्याचा उजवा हात.