व्हेनिस ते जिनिव्हा : साथीच्या रोगात दान नको, हक्क हवा

१० मार्च १८९७. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीमाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते, हे आपण सारे जाणतो. पण त्याच दिवसांत इटलीतल्या व्हेनिस शहरात काय चालले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती आणि विषय होता मुंबईचा प्लेग! पण चिंता कोणाची होती? मुंबईच्या चाळीत मरणाऱ्या कामगाराची नव्हे. जहाजांतून आणि मक्केच्या यात्रेकरूंबरोबर प्लेग युरोपात शिरू नये, एवढीच. इकडे इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा केला आणि पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू झाली. एकीकडे रोग्याला पाठीवर घेणारी माई, दुसरीकडे रोग्यापासून स्वतःला वाचवणारे जग. जागतिक आरोग्याच्या राजकारणात हे दोन मार्ग आजही समोरासमोर उभे आहेत.

माईंचा मार्ग जगाला जमतच नाही, असे मात्र नाही. १९५८ साली सोव्हिएत रशियाने देवीचा रोग जगातून हद्दपार करण्याचा ठराव जागतिक आरोग्य सभेत मांडला. १९६७ पासून मोहिमेला जोर आला. शीतयुद्धात एकमेकांवर अण्वस्त्रे रोखलेले रशिया आणि अमेरिका या कामात एकत्र राबले. लस गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोहोचली, कारण एक जरी घर सुटले असते तरी रोग परतला असता. १९७५ मध्ये भारतातून आणि १९८० पर्यंत जगातून देवी गेली.

मग कोरोनात काय झाले? ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली, की महामारी असेपर्यंत लस व औषधांवरील पेटंटचे बंधन उठवा. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लसींपुरता! तोवर श्रीमंत देशांनी लसी आधीच बुक करून टाकल्या होत्या. पेटंट नसेल तर संशोधन कोण करील, असे कंपन्यांचे म्हणणे. पण त्या संशोधनात जनतेच्या कराचा पैसाही होता, त्याचे काय? एड्सचा इतिहास आठवा. वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाणारे औषधोपचार २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरमध्ये देऊ केले. ते शक्य झाले, कारण भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या पद्धतीला पेटंट होते, औषधाला नव्हते. २००५ मध्ये व्यापार कराराखातर आपण ते संरक्षण गमावले.

दोष फक्त गोऱ्यांचा नाही. २०२१ मध्ये दुसरी लाट येताच भारतानेही लसींची निर्यात रोखली आणि आफ्रिकेतले गरीब देश ताटकळत राहिले. दानावर उभे असलेले सहकार्य दात्यावर संकट येताच कोसळते, ते असे.

मे २०२५ मध्ये जिनिव्हात महामारी करार मंजूर झाला. विषाणूचे नमुने देणाऱ्या देशांना त्यातून बनलेल्या लसींत वाटा किती व कसा मिळणार, हा कळीचा प्रश्न मात्र परिशिष्टासाठी मागे ठेवला गेला. अमेरिकेने तर त्याआधी जानेवारीतच जागतिक आरोग्य संघटना सोडण्याची घोषणा केली होती.

जागतिक आरोग्य सभेत प्रत्येक देशाला एक मत आहे. औषधाच्या रांगेत मात्र सगळ्यांची किंमत सारखी नाही. राजकीय समता आणि आर्थिक-सामाजिक विषमता यांतली हीच विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवली होती.

म्हणून तरुणांनो, पुढची साथ येण्याआधी पेटंट कायदा वाचा, हे करार वाचा. आपल्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राचा प्रश्न आणि जिनिव्हातला प्रश्न एकच आहे : रांगेत शेवटी कोणाला उभे करायचे, हे कोण ठरवणार?

जय भीम!