साष्टीच्या डोंगरातील तीन थांबे

मुंबईची उत्तरेकडील वेस अशी दहिसरची ओळख आहे. वेशीवरच्या गावात कोणी मुद्दाम काही पाहावयास येत नाही. तेथून पुढे जावयाचे असते, एवढेच. परंतु दि. २ एप्रिल २०२२ रोजी याच वेशीवरून दोन मेट्रोमार्ग सुरू झाले आणि एक गंमत झाली. एका मार्गावर ‘मंडपेश्वर’ आले, दुसऱ्यावर ‘राष्ट्रीय उद्यान’ आणि ‘मागाठाणे’ आली. कामावर जाणारी माणसे ही नावे रोज ध्वनिक्षेपकावरून ऐकतात. मंडपेश्वर, कान्हेरी आणि मागाठाणे या तीन लेण्यांचेच हे पत्ते आहेत, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल?

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर हे तीन थांबे एका फेरीत पाहावयाचे ठरविले. इतिहास विषयाचे एक निवृत्त प्राध्यापक वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर होते. बरोबर लहान मुले होती, डबे होते आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. सहलीचे वर्णन करावे हा या लेखाचा हेतू नाही. त्या फेरीत जो इतिहास समोर उभा राहिला तो आपल्या समाजाचाही इतिहास आहे, आणि त्यातील एक प्रकरण आपण घरात फारसे बोलत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत पसरलेले आपले बेट म्हणजे साष्टी. ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, यावरून हे नाव आले. (गोव्यातही एक साष्टी आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांची कर्मभूमी ती, ही नव्हे. जुने कागद वाचताना या दोहोंची गल्लत पुष्कळांची होते.) गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात हे बेटही गेले. दोनशे वर्षांनी, १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रज साष्टीत शिरले. म्हणजे मुंबई बेटावर इंग्रजांचा अंमल बसून शंभर वर्षे होऊन गेली, तरी दहिसर-बोरिवलीकडे वेगळेच राज्य होते. आपले बहुतेक पूर्वज याच दोनशे वर्षांत ख्रिस्ती झाले, हे ध्यानात ठेवूनच मंडपेश्वराच्या पायऱ्या उतराव्यात.

मंडपेश्वराचे लेणे शैव आहे. काही अभ्यासक ते सहाव्या शतकातील मानतात, काही आठव्या शतकापर्यंत खाली आणतात. समोर खांबांची ओसरी आहे. खांबांची घडण पाहिली की घारापुरीची आठवण होते. मध्ये गाभारा असून तेथे शिवलिंग आहे आणि पूजा चालू आहे. बाजूच्या दालनात नटराजाचे मोठे शिल्प आहे. ते झिजले आहे, भंगले आहे. तरीही त्या देहाची वळणदार गती दगडात अजून टिकून आहे. तेथे आमच्यातील वडील मंडळीही बराच वेळ गप्प उभी राहिली.

आणि डाव्या हाताच्या एका दालनात, भिंतीवर, क्रूस आहे. तो नंतर कोणी रंगविलेला नाही, टांगलेलाही नाही. आधीची मूर्ती तासून त्याच दगडातून तो उठविला आहे.

इ. स. १५४० नंतरच्या दशकात फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो या भागात आले. त्यांनी या लेण्याचे चर्च केले आणि ते पवित्र मरियेला अर्पण केले. डोंगराच्या माथ्यावर मठ आणि नवख्रिस्ती मुलांसाठी विद्यालय उभे राहिले. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांच्या आज्ञेने देवस्थानाचे उत्पन्न मठाकडे वर्ग झाले. लेण्याच्या माथ्यावर आज ज्या छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसतात, त्या या वास्तूच्या होत. पोर्तुगीज लेखक या स्थळाला ‘मोंपासेर’ म्हणत. ‘मंडपेश्वर’ हा शब्द परकीय जिभेवर घोळून त्याचे असे रूप झाले. शेजारच्या ‘माउंट पोइसर’ या नावात त्याचा पडसाद ऐकू येतो असे आम्हांस वाटते. तेथील अमलोद्भव मातेच्या चर्चवरून तर सारी वसाहतच ‘आय. सी. कॉलनी’ या नावाने ओळखली जाते.

येथपर्यंतची कथा आपण अभिमानाने सांगतो. साडेचारशेहून अधिक वर्षांची श्रद्धा आणि साष्टीतील एक आरंभीचे विद्यालय! सांगावीच. परंतु त्या विद्यालयाचा पाया कोणाच्या उत्पन्नावर घातला गेला, तेही त्याच दमात सांगितले पाहिजे. हे उत्पन्न ज्या देवाच्या दिवाबत्तीसाठी दिले गेले होते, त्या देवाचे भक्त जिवंत होते आणि याच गावांतून राहत होते. फादर आंतोनियोंच्या संघाच्या जुन्या इतिहासकारांनी पाडलेल्या देवळांची गणतीही त्यांच्या पुण्यकर्मांतच केली आहे. त्या काळाची दृष्टी तशी होती, हे खरे. युरोपात तर ख्रिस्ती लोक ख्रिस्ती लोकांचीच चर्च फोडीत होते. पण काळाची दृष्टी सांगितल्याने तासलेली मूर्ती पुन्हा उभी राहत नाही.

क्रूसापुढे उभे असताना आमच्यातील एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने विचारले, “हा क्रूस आपला आहे ना? मग इथे मिस्सा का होत नाही?” सर्वांनी प्राध्यापकांकडे पाहिले. ते म्हणाले, “बाळ, हे घर आधी दुसऱ्याचे होते. आपण त्यात दोनशे वर्षे राहिलो. मग ज्याचे होते त्याच्याकडे ते परत गेले. क्रूस मात्र मागे राहिला.” मुलाने पुन्हा विचारले, “आपण विचारून राहिलो होतो का?” प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाही.” आमच्यातील एका काकूंना हे उत्तर रुचले नाही. मुलांसमोर असे बोलावे काय, असे त्या नंतर बसमध्ये म्हणाल्या. आम्हांला वाटते, बोलावे. नटराजाच्या शिल्पापाशी आणखी कोणी वाटाड्या आणखी कोणा मुलांना हीच कथा सांगत असतो, आणि तेथे आपल्याविषयी काय सांगितले जाते ते ऐकावयास आपण नसतो. आपल्या मुलाने ती प्रथम आपल्याच तोंडून ऐकलेली बरी.

१७३९ नंतर लेण्यात पुन्हा महादेवाची पूजा सुरू झाली. माथ्यावरचे चर्च ओसाड पडले. परंतु समाज ओसाड पडला नाही, हा या कथेचा दुसरा भाग आहे. शरणागतीच्या अटींनुसार मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पोर्तुगीज मठवासी निघून गेले. कुणबी, कोळी, भंडारी ख्रिस्ती आपापल्या शेतांवर आणि होड्यांवर राहिले. राजसत्तेचे पाठबळ गेल्यावर त्यांनी ख्रिस्तावरची श्रद्धा सोडली नाही, मराठी बोलणेही सोडले नाही. सत्तेने दिलेला धर्म, असे कोणी आपल्याला हिणविले तर याचे उत्तर १७३९ नंतरच्या त्या पिढ्यांनी देऊन ठेवले आहे. आज आपण स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतो, ते नाव तर १८८७ सालचे. त्याच्या कितीतरी आधीची ही मंडळी.

मंडपेश्वराहून आम्ही परत दहिसरला आलो आणि दुसऱ्या मार्गाने राष्ट्रीय उद्यानाच्या स्थानकावर उतरलो. उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. काळ्या बेसाल्टात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत भव्य. त्यात चौतीस खांब आहेत. त्याच्या शिलालेखात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे नाव असल्याने ते दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे ठरते. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत; त्या नंतरच्या शतकांतील. पण आम्हांला मूर्तींहून पाण्याची व्यवस्था अधिक मोहवून गेली. बहुतेक प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेले टाके आहे, शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळींनी त्यात आणून सोडले आहे.

शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चौलचे लोक आहेत, भिक्षुणीही आहेत. कोणी कायम ठेव ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना चीवरे व पादत्राणे द्यावीत असे लिहून ठेवले. आपल्या धर्मग्रामात मृतांच्या स्मरणार्थ मिस्सांसाठी ठेव ठेवतात, त्याची येथे आठवण झाली.

या डोंगरावरही फादर आंतोनियो आले होते. तेव्हा बौद्ध भिक्षू जाऊन शतके लोटली होती आणि लेण्यांत जोगी राहत होते. मोठ्या चैत्यगृहाला संत मायकलचे नाव देऊन तेथे चर्च केल्याची नोंद आहे. पण कान्हेरीची खरी ख्रिस्ती कथा निराळीच आहे.

दियोगु दो कूतू हा पोर्तुगीज इतिहासकार १५५९ साली भारतात आला आणि १६१६ मध्ये गोव्यास वारला. तो कान्हेरी पाहावयास गेला असता साष्टीतील एका अतिवृद्ध गृहस्थास त्याने विचारले, की हे कोणी केले असावे? म्हातारा निःशंकपणे म्हणाला, की संत जोसाफातच्या पित्याने, आपल्या पुत्राला जगापासून दूर वाढविण्यासाठी हे खोदविले. जोसाफातची कथा मध्ययुगीन युरोपात घरोघर ठाऊक होती. भारतातील एका राजाच्या पुत्राला दुःख दिसू नये म्हणून राजवाड्यात कोंडून वाढविले जाते. पुढे त्याला रोगी, वृद्ध आणि मृत्यू यांची ओळख होते. बार्लाम नावाचा तपस्वी त्याला ख्रिस्ताची ओळख करून देतो आणि तो राज्य सोडतो. वाचकांच्या ध्यानात आले असेलच. कूतूच्याही आले. हा जोसाफात म्हणजे हिंदू लोक ज्याला बुद्ध म्हणतात तोच असावा, असे त्याने लिहून ठेवले.

त्याचा तर्क अचूक होता. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबी, जॉर्जियन आणि ग्रीक भाषांतून प्रवास करीत लॅटिनमध्ये ‘जोसाफात’ झाला, हे एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी सिद्ध केले. कूतूच्याच हयातीत, १५८० नंतरच्या दशकात, बार्लाम व जोसाफात यांची नावे २७ नोव्हेंबरच्या दिवशी रोमन हुतात्मावलीत नोंदली गेली होती. म्हणजे कान्हेरीच्या ज्या भिंतींवर बुद्ध कोरलेला आहे, त्याच बुद्धाचे स्मरण, तो कोण हे न ओळखता, ख्रिस्तसभा करीत होती! आणि ही खूण दाखविली ती साष्टीच्या एका म्हाताऱ्याने. तो कोण होता, हे कूतूने लिहिलेले नाही. संत जोसाफात ठाऊक होता, त्या अर्थी मिस्साला जाणारा, प्रवचन ऐकणारा असावा. कान्हेरीचा एक आद्य वाटाड्या आपल्यापैकी होता, असे समजण्यास आम्हांला आवडेल.

आद्य प्रवासी मात्र निराळे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये पारशी मंडळी येथे आली, त्यांनी तारीख घातली आणि आपली व आपल्या वाडवडिलांची नावे दगडावर कोरली. आमच्यातील मुलांना भिंतींना हात लावू नका असे बजावण्यात सकाळ गेली होती. हा लेख पाहून त्यांनी आमच्याकडे जे पाहिले, त्याला उत्तर नव्हते.

उतरणीला लागलो तेव्हा दुपार कलली होती. मागाठाण्याच्या थांब्यासाठी जेमतेम अर्धा तास उरला. येथील बौद्ध लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची, लहान, आणि आता वस्तीच्या गराड्यात सापडलेली आहेत. खडक ठिसूळ झाला आहे. पद्मासनस्थ बुद्धाची आकृती नजर स्थिरावल्यावरच दिसते. पाटी शोधावी लागली, आणि रस्ता एका फळविक्रेत्याने दाखविला. काकू दमल्या होत्या. त्या खालीच थांबल्या.

प्राध्यापकांनी तेथे एवढेच सांगितले : कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलथान या गावातील एक शेत भिक्षुसंघाला दिल्याची नोंद आहे. ते मंगलथान म्हणजेच हे मागाठाणे. एका मुलीने विचारले, “ते शेत कुठे आहे?” प्राध्यापकांनी हात केला त्या दिशेला द्रुतगती महामार्ग होता आणि त्याच्यावरून मेट्रो दहिसरकडे चालली होती.