बालग्राम : पोरक्यांना घर, तरुणांना रोजगार

दुसऱ्या महायुद्धाने युरोपातील असंख्य मुलांना पोरके केले. मोठमोठ्या अनाथाश्रमांत त्यांना अन्न, वस्त्र आणि निवारा मिळे, परंतु आपले म्हणावे असे माणूस मिळत नसे. या उणिवेवर उत्तर म्हणून १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट या गावी हरमान ग्माइनर यांनी पहिल्या बालग्रामाचा पाया घातला. 'एसओएस बालग्राम' या नावाने ही चळवळ पुढे शंभराहून अधिक देशांत पोहोचली. भारतात १९६४ मध्ये तिची संस्था स्थापन झाली आणि दिल्लीनजीक फरिदाबाद येथे पहिले बालग्राम उभे राहिले.

चार सूत्रे

आई, भावंडे, घर आणि गाव या चार सूत्रांवर बालग्रामाची रचना आधारलेली आहे. एका घरात साधारणतः दहा मुले आणि त्यांचा सांभाळ करणारी एक आई असते. वेगवेगळ्या वयांची मुले-मुली एकत्र वाढतात आणि सख्ख्या भावंडांची शक्यतो ताटातूट केली जात नाही. प्रत्येक घराचा संसार, स्वयंपाक आणि खर्च वेगळा असतो. मुले परिसरातील शाळांत जातात. अशी काही घरे मिळून एक बालग्राम होते. महाराष्ट्रात पुणे, अलिबाग आणि लातूर येथे ही बालग्रामे उभी राहिली. त्यांपैकी लातूरच्या बालग्रामाला १९९३च्या किल्लारी भूकंपाची पार्श्वभूमी आहे.

मूल घरातच राहावे म्हणून

संस्थेत दाखल होणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्य, आजारपण किंवा एकाकी मातेची ओढाताण यांमुळे मूल घराबाहेर पडते. हे ध्यानात घेऊन बालग्राम चळवळीने कुटुंब सबलीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. मातांचे बचतगट, लहान व्यवसायासाठी साहाय्य, मुलांचे शिक्षण आणि आरोग्य यांकडे लक्ष देऊन कुटुंब आपल्या पायावर उभे करणे, हा त्याचा हेतू आहे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हाच क्रम आहे : प्रथम स्वतःचे कुटुंब, ते शक्य नसेल तर नातलग किंवा दुसरे कुटुंब आणि संस्था हा अखेरचा मार्ग.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय अधिनियमाने हेच तत्त्व मान्य केले आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत प्रायोजकत्व आणि प्रतिपालनासाठी दरमहा ४ हजार रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले.

अठराव्या वर्षानंतर काय?

खरी कसोटी पुढे असते. अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान ठरते आणि संस्थेचे छत्र संपते. घरात वाढलेला तरुण नोकरी गेली तर आईवडिलांकडे परतू शकतो. संस्थेतून बाहेर पडलेल्याला ती सोय नसते. भाड्याची खोली घ्यायची तर अनामत आणि ओळखीचा माणूस हवा. नोकरी हवी तर कायमचा पत्ता आणि कागदपत्रे हवीत. म्हणूनच कायद्यात 'अनुरक्षणा'ची तरतूद असून, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत साहाय्य देता येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी अनाथ प्रमाणपत्र आवश्यक असते आणि ते बालपणीच मिळवून ठेवणे हिताचे ठरते.

बालग्राम चळवळीने या टप्प्यासाठी युवागृहांची व्यवस्था केली. पौगंडावस्थेतील मुले मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एकत्र राहतात आणि स्वयंपाक, हिशेब, प्रवास अशा गोष्टी स्वतः सांभाळू लागतात. २०१७ मध्ये जागतिक पातळीवर 'यूथकॅन' हा युवा रोजगार उपक्रम सुरू झाला. सहभागी कंपन्यांचे कर्मचारी तरुणांना मार्गदर्शन करतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि उमेदवारीची संधी देतात. ज्याच्यामागे ओळखीपाळखीचे जाळे नाही, त्याला ते मिळवून देणे, हा या उपक्रमाचा गाभा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

या प्रतिमानाची दुसरी बाजूही वाचकांपुढे यायला हवी. काही देशांतील बालग्रामांत मुलांवर अत्याचार झाल्याची कबुली आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये दिली आणि स्वतंत्र आयोग नेमला. २०२५ मध्ये तर खुद्द संस्थापक ग्माइनर यांच्यावर अल्पवयीनांच्या अत्याचाराचे गंभीर आरोप असल्याचे ऑस्ट्रियातील संस्थेनेच जाहीर केले. घरासारखे वातावरण असले म्हणजे मूल आपोआप सुरक्षित होते असे नाही, हा त्याचा धडा आहे. बाल कल्याण समितीची नियमित तपासणी, मुलांना निर्भयपणे तक्रार करता येईल अशी यंत्रणा आणि त्रयस्थांची देखरेख यांना पर्याय नाही.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच कोणत्याही संस्थेला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मुलाला स्वतःच्या कुटुंबात ठेवण्यासाठी संस्थेने काय केले? मुलाची तक्रार कोण ऐकते? आणि अठरा वर्षांनंतर ते मूल कोठे जाते? इमारतीच्या छायाचित्रांपेक्षा या तीन उत्तरांवरून संस्थेचे काम अधिक नेमके कळते.