जुन्नरहून निघालेला ख्वाजा युसुफ

मी शिकवतो आंबेगाव तालुक्यात, घर जुन्नरला. पावसाळ्यात घोडेगावहून घरी येताना रस्त्यावरचा चिखल पाहिला, की साडेपाचशे वर्षांपूर्वीचा एक पाहुणा आठवतो.

अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. 1470च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या सुमारे पंचवीस वर्षं आधी, तो एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळ्याचे दोन महिने इथे राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल असतो, अशी नोंद त्याने केली. इथे तो स्वतःला ख्वाजा युसुफ खुरासानी म्हणवत असे.

तेव्हा बहमनी राज्य होतं. जुन्नर महमूद गवानचा माणूस असदखान याच्या ताब्यात होतं. पाहुणा मुसलमान नाही हे कळल्यावर असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकार, घोडा आणि हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा जाईल आणि वर हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवस.

ही गोष्ट मी वर्गात झाकत नाही. धर्मात जबरदस्ती नाही, ही कुरआनची शिकवण आहे. असदखानाने ती मोडली, असं मुलांना सरळ सांगतो. पण पुढचंही सांगतो. मुदत संपत आली तेव्हा मुहम्मद नावाचा एक खुरासानी ख्वाजा गावात आला. निकितीनने त्याला विनवलं. त्याने असदखानाकडे रदबदली केली, धर्मांतर टळलं, घोडाही परत मिळाला. धमकी देणारा मुसलमान होता, सोडवणाराही मुसलमानच होता, आणि तोही परमुलखातला.

जुन्नरचा निरोप घेऊन निकितीन बीदरला गेला. येतानाच्या लुटीत त्याची धर्मग्रंथांची पुस्तकं गेली होती, त्यामुळे सणवार नेमके कधी हेही कळेना. या मुलखात आपला धर्म सांभाळणं किती कठीण, हे त्याने कडवटपणे लिहिलं आहे. शेवटी घरच्या ओढीने दाभोळला आला, दोन मोहरा भाडं भरून हुर्मुझच्या जहाजात बसला. काळा समुद्रही ओलांडला, पण स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वारला.

मागे राहिली त्याची वही. मायदेशासारखा देश जगात नाही, तिथे न्याय नांदो, ही दुआ त्याने रशियनमध्ये न लिहिता तुर्कीत लिहिली. वहीच्या शेवटच्या ओळी अरबी आहेत. त्यांत अल्लाहची नावं आहेत, सूरह हश्रच्या अखेरीस येतात तशी. आमच्याकडे आजही फज्रनंतर ती पढली जातात.

तो मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासक वाद घालतात. मी त्यात पडत नाही. दिलातलं अल्लाह जाणे. मला एवढंच दिसतं की असदखानाच्या चार दिवसांच्या मुदतीने त्याच्याकडून काही वदवून घेता आलं नाही. ही नावं त्याच्या ओठी बसली ती पुढच्या वाटचालीत, लोकांबरोबर राहून. निघताना ती तो बरोबर घेऊन गेला.