तयार कामाचें कपाट

एकदां मन लावून केलेलें काम पुन्हां करावें लागूं नये, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. पावकी, निमकी, दिडकी हीं कोष्टकें मुलांकडून घोकून घेण्यामागें हाच हेतु होता. दर वेळीं बाजारांत उभें राहून नव्यानें हिशेब मांडण्यापेक्षां तयार उत्तर जिभेवर असलेलें बरें. इ. स. १६१४ मध्यें स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनें लॉगॅरिथमचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आणि पुढील तीन शतकांच्या गणित्यांचे श्रम वांचविले. परंतु तयार उत्तर घेणारा एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ज्यानें तें काढलें त्यानें तें नीट पारखलें असेल, असा त्याचा विश्वास असतो. कोष्टकांत एक आंकडा चुकला, तर तो हजारों हिशेबांत निमूटपणें शिरतो. संगणकाच्या इतिहासांत ही सोय आणि ही जोखीम या दोन्ही बरोबरीनें वाढल्या. त्यांची हकीकत बोधप्रद आहे.

या हकीकतीचें पहिलें ठळक प्रकरण इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या गणित-प्रयोगशाळेंत घडलें. तेथें मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं एडसॅक नांवाचें यंत्र उभें राहिलें आणि ता. ६ मे १९४९ रोजीं त्यानें आपली पहिली आज्ञावली चालवून वर्गसंख्यांचें कोष्टक छापलें. सुमारें तीन हजार व्हॉल्व्ह, पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपानें सांठविलेली स्मृति आणि छिद्रें पाडलेली कागदी फीत, असा त्याचा संसार होता. यंत्रानें एकामागून एक काय करावें याची यादी म्हणजे आज्ञावली. ती बिनचूक लिहिणें वाटलें होतें तितकें सोपें नाहीं, हें त्याच वर्षाच्या जूनपर्यंत तेथील मंडळींच्या ध्यानांत येऊं लागलें. विल्क्स यांची एक आज्ञावली अवघ्या १२६ ओळींची होती. तींत सुमारें वीस चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव आपणांस त्या सुमारास झाली, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

या दुखण्यावर केंब्रिजमध्यें जो उपाय योजला गेला, तो तयार कामाचा. वर्गमूळ काढणें, कोनांचीं गुणोत्तरें काढणें, आंकडे नीट मांडून छापणें, हीं कामें प्रत्येकालाच लागतात. मग तीं एकदांच चांगलीं लिहावीं, पारखावीं आणि सर्वांसाठीं ठेवून द्यावीं. अशा तुकड्यांना उप-आज्ञावली म्हणतात. त्यांच्या छोट्या फिती एका पोलादी कपाटांत क्रमानें लावलेल्या असत. गरजूनें कपाट उघडावें, हवी ती फीत काढावी, तिची यांत्रिक नक्कल आपल्या फितीवर उतरून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागीं ठेवावी, असा रिवाज होता. या संग्रहाला लायब्ररी म्हणत, आणि तेंच नांव आजहि रूढ आहे.

हें सांगावयास सोपें, पण करावयास अवघड होतें. एकच तुकडा एका आज्ञावलींत आरंभीं येणार, दुसरींत मध्येंच. काम झाल्यावर परत कोठें जावयाचें हें त्याला कळावें कसें? डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकानें ही अडचण सोडविली. उप-आज्ञावलीकडे वळण्यापूर्वीं मुख्य आज्ञावली आपला ठावठिकाणा यंत्रांतील बेरजेच्या जागीं ठेवून जाई. त्यावरून उप-आज्ञावली परतीची आज्ञा आपल्या शेवटीं स्वतःच बनवून ठेवी. १९५१ सालीं विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनीं या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वर्षीं संग्रहांत ८७ उप-आज्ञावल्या होत्या.

पुढील वर्षीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें वाचलेल्या एका छोट्या निबंधांत व्हीलरनें एक मार्मिक विचार मांडला. आपल्यापुरता तुकडा लिहिण्यापेक्षां संग्रहांत ठेवण्याजोगा तुकडा लिहिण्यास पुष्कळच अधिक श्रम पडतात, असें त्याचें सांगणें होतें. लिहून आणि पारखून झाल्यावरहि एक काम उरतेंच. त्या तुकड्याच्या पोटांत काय आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, अशा परक्या माणसालाहि तो वापरतां यावा, असें त्याचें वर्णन लिहावें लागतें. आणि हेंच काम कदाचित् सर्वांत कठीण असतें. परक्यासाठीं केलेलें काम स्वतःसाठीं केलेल्या कामाहून निराळें असतें, हें मर्म त्यानें इतक्या लवकर ओळखलें होतें.

परंतु तयार कामांत दोष असेल तर काय होतें, याचाहि धडा पुढें मिळावयाचा होता. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत सी ही संगणकाची भाषा घडविली. तिच्या संग्रहांत 'गेट्स' नांवाची एक उप-आज्ञावली होती. बाहेरून आलेली ओळ वाचून स्मृतींत ठेवणें, एवढेंच तिचें काम. मात्र ठेवावयाची जागा किती मोठी आहे हें ती विचारीतच नसे. पातेलें केवढें आहे हें न पाहतां दूध ओतीत राहावें, तसा तो प्रकार होता. ता. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं इंटरनेटवर एक स्वयंप्रसारी आज्ञावली मोकळी सुटली आणि हजारों यंत्रें तिनें जेरीस आणलीं. ती ज्या वाटांनीं शिरली, त्यांपैकीं एक वाट या उप-आज्ञावलीनेंच उघडी ठेवलेली होती. असें असूनहि १९८९ च्या प्रमाणग्रंथांत तिला स्थान मिळालें. तिच्यावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावल्या जगभर पसरल्या होत्या, आणि अशी वस्तु काढून घेणें म्हणजे त्या सर्वांचा आधार काढून घेणें. अखेर २०११ च्या प्रमाणग्रंथांतून तिला वगळण्यांत आलें. धोका जगापुढें आल्यानंतर तेवीस वर्षें ती कपाटांत होती.

सी भाषेचा संग्रह आटोपशीर होता. याच्या अगदीं उलट धोरण पायथन या भाषेनें स्वीकारलें. अ‍ॅम्स्टरडॅम येथील गणित व संगणक संशोधन-संस्थेंत काम करणाऱ्या खिडो व्हान रोसम यांनीं १९८९ च्या नाताळच्या सुटींत ती लिहावयास घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्यें ती लोकांना खुली केली. तिचें नांव सर्पावरून आलेलें नाहीं, बी. बी. सी. वरील एका विनोदी कार्यक्रमावरून तें घेतलेलें आहे. 'बॅटरीसह' हें या भाषेचें ब्रीद. दुकानांतून आणलेलें खेळणें घरीं येतांच चालावें, बॅटरीसाठीं पुन्हां बाजार गांठावा लागूं नये, तशी ही भाषा घेणाऱ्यास नित्याचीं साधनें सोबतच मिळावींत, असा त्याचा अर्थ. या साधनांच्या एकेका संचाला मॉड्यूल म्हणतात. तक्त्यांच्या फाइली वाचणारें 'सी-एस-व्ही' हें मॉड्यूल २००३ सालीं आलें, लहानसा माहिती-कोश चालविणारें 'एस्क्यूलाइट' २००६ सालीं, आणि संगणकांमधील देवघेवीसाठीं 'जेसॉन' २००८ सालीं.

यांपैकीं कांहीं मॉड्यूलांचा जन्म मागील साधनांच्या उणिवेंतून झालेला आहे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३ येत नाहीं, ०.३००००००००००००००० आणि त्यापुढें ४ असें येतें. यंत्र द्विमान पद्धतीनें मोजतें, आणि एक दशांश हा त्या पद्धतींत नेमका मावत नाहीं. आपल्या दशमान पद्धतींत एक तृतीयांश मावत नाहीं, तसेंच हें. वैज्ञानिकाला हा फरक चालतो, पण सराफाच्या वहींत तो खपत नाहीं. म्हणून २००४ सालीं दशमान हिशेबासाठीं 'डेसिमल' हें मॉड्यूल आलें. दुसरें उदाहरण 'रँडम' या मॉड्यूलचें. यदृच्छ संख्या देण्यासाठीं त्यांत २००३ पासून मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणित्यांची पद्धति वापरलेली आहे. प्रयोगांसाठीं ती उत्तम. परंतु तिनें दिलेल्या ६२४ संख्या ओळीनें हातीं लागल्या, तर पुढच्या सर्व संख्या काढतां येतात. म्हणजे गुप्त परवलीचा शब्द बनविण्यास ती निरुपयोगी. तसा इशारा वर्णनांत दिलेला असूनहि लोक नांव पाहून तेंच साधन उचलीत. अखेर २०१६ सालीं 'सीक्रेट्स' नांवाचें निराळें मॉड्यूल ठेवण्यांत आलें. इशाऱ्यापेक्षां योग्य नांवाची दुसरी वस्तु शेजारीं ठेवणें अधिक परिणामकारक, असा त्याचा हिशेब.

तयार साधनाची मर्यादा मराठी घरांना जवळच्या एका उदाहरणावरूनहि कळेल. २०२० सालीं पायथनमध्यें देशोदेशींच्या वेळांसाठीं 'झोनइन्फो' हें मॉड्यूल आलें. जगांतील स्वयंसेवकांनीं अनेक वर्षें जतन केलेलीं कोष्टकें तें वाचतें. महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांतील घड्याळें एक तास पुढें केलीं होतीं, हेंहि त्या कोष्टकांत नोंदलेलें आहे. मात्र सगळ्या भारतासाठीं तेथें कोलकत्त्याच्या नांवाचें एकच कोष्टक आहे. हिंदी प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाल्यानंतरहि मुंबईनें आपला मुंबई टाइम दीर्घकाळ सोडला नव्हता, आणि तो प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें असे. म्हणून १९३५ सालच्या मुंबईंतील जन्मवेळेची नोंद या यंत्राच्या हवालीं करणाऱ्यानें ती कोणत्या घड्याळावरून केली होती हें आधीं पाहिलें पाहिजे. यंत्र तो प्रश्न विचारणार नाहीं. तें आपल्यापाशीं आहे तें उत्तर देऊन मोकळें होईल.

कपाट भरणें जसें काम आहे तसें तें आवरणें हेंहि काम आहे. २०१९ सालीं क्रिश्चियन हाइम्स यांनीं पायथनमधील निकामी झालेल्या बॅटऱ्या काढून टाकाव्यात असा प्रस्ताव मांडला. त्यांत 'टेलनेटलिब' होतें, जिच्यांत परवलीचा शब्द तारेवरून उघडा जातो अशा जुन्या संपर्कपद्धतीसाठीं केलेलें. 'सीजीआय' होतें, वेबच्या बाल्यकाळांतील अर्जांसाठीं लिहिलेलें. विस्मृतींत गेलेल्या ध्वनि-फाइलींसाठीं केलेलीं मॉड्यूलेंहि होतीं. त्यांपैकीं कांहींना नीट सांभाळणारा कोणी उरला नव्हता. तरीहि तीं एकदम काढलीं गेलीं नाहींत. २०२२ सालच्या आवृत्तींत सूचना देण्यांत आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें निघालेल्या आवृत्तींतून एकोणीस मॉड्यूलें वगळलीं गेलीं. ज्यांचीं कामें त्यांवर चालत होतीं त्यांना पर्याय शोधावे लागले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. आणि मोडकी वस्तु कपाटांत ठेवून तिला चांगली म्हणणें हेंहि खरें नव्हतें.

केंब्रिजच्या कपाटांतील फीत घेणारा आणि तिचा कर्ता बहुधा एकाच इमारतींत असत; शंका आली तर विचारतां येई. आज घेणारा आणि देणारा यांची भेट होत नाहीं. संग्रहाची राखण करणाऱ्यांत स्वयंसेवकांचा मोठा भरणा आहे, आणि त्यांनीं पारखलेल्या कामावर शाळा, दवाखाने आणि पेढ्या विसंबून आहेत. त्यामुळें व्हीलरनें सांगितलेली ती शेवटची कामगिरी, परक्याला कळेल असें वर्णन लिहिण्याची, पूर्वींपेक्षां अधिक मोलाची झाली आहे. तिच्या जोडीला दुसरी कामगिरी घेणाऱ्याचीहि आहे: वस्तु उचलण्यापूर्वीं तें वर्णन वाचणें.