पिंडाला पुत्र, गादीला परका : दत्तकविधानाची एक विलक्षण वाटणी

#थ्रेड 🧵

१/ २० नोव्हेंबर १८५३. झाशीच्या राजवाड्यात गंगाधरराव नेवाळकर मृत्युशय्येवर होते. त्यांच्याच कुळातील वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव त्या दिवशी विधिपूर्वक त्यांच्या मांडीवर देण्यात आला. नाव बदलले, आनंदरावाचा दामोदरराव झाला. मुलाला गादी मिळावी आणि राणीने कारभार पाहावा, अशा आशयाचा खलिता ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती गेला. दुसऱ्याच दिवशी राजे निवर्तले.

२/ पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने जो निर्णय दिला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. हे दत्तकविधान खोटे आहे, असे त्याने म्हटले नाही. राजाच्या खासगी मालमत्तेपुरते ते वैध, राज्यापुरते मात्र अवैध, असा त्याचा निवाडा होता. मूल एकच, विधीही एकच. दागदागिने आणि रोकड यांना तो पुत्र, सिंहासनाला परका.

३/ एका पुत्राचे असे दोन तुकडे कसे झाले, हे कळण्यासाठी आधी धर्मशास्त्रात डोकवावे लागते. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत : औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, कानीन, क्रीत इत्यादी. कालांतराने निबंधकारांनी यांतील बहुतेक प्रकार कलियुगात निषिद्ध ठरवले. व्यवहारात प्रामुख्याने उरले ते दोन, औरस आणि दत्तक. पितृऋण फेडणारा, पिंडदान करणारा आणि वंशाचे नाव चालवणारा या नात्याने दोघांचे कार्य एकच मानले गेले.

४/ दत्तकाचे सर्वांत जुने आणि सर्वांत अस्वस्थ करणारे आख्यान ऐतरेय ब्राह्मणात आहे. अजीगर्त नावाचा दरिद्री ब्राह्मण आपला मधला मुलगा शुनःशेप याला शंभर गाईंच्या मोबदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकतो. मुलगा देवांच्या स्तुतीने सुटतो. मग बाप त्याला परत मागतो आणि शुनःशेप नकार देतो. विश्वामित्र त्याला आपला पुत्र मानून ‘देवरात’ असे नाव देतो. विश्वामित्राचे पन्नास थोरले पुत्र मात्र या नव्या भावाला मान्यता देत नाहीत आणि शापास पात्र होतात. भाऊबंदकीचा प्रश्न दत्तकाइतकाच जुना आहे, तो असा.

५/ विधीचा गाभा दोन कृतींत आहे : जन्मदात्याने मूल देणे आणि दुसऱ्याने ते घेणे. दान आणि प्रतिग्रह. त्यानंतर दत्तहोम. मुलाचे गोत्र बदलते, जन्मदात्याच्या इस्टेटीवरचा आणि पिंडावरचा हक्क संपतो, नव्या घरात तो जणू तेथेच जन्मला असे मानले जाते. विवाहापुरते मात्र जन्मकुळातील नाते कायम राहते. तेथील सपिंडांत लग्न निषिद्धच. शास्त्रालाही रक्त पुरते विसरता आलेले नाही.

६/ घराघरांत या विधीचा अर्थ आणखी निराळा होता. मूल बहुधा भाऊबंदांतलेच घेतले जाई. खालच्या शाखेतल्या चार भावांपैकी एक वरच्या वाड्यात दत्तक जाई. काल ज्यांना काका-काकू म्हणायचे, त्यांना आज आई-वडील म्हणायचे. जन्मदाती त्याच गावात, कधी त्याच वाड्याच्या दुसऱ्या सोप्यात. कागदोपत्री तिची नोंद ‘देणार’ एवढीच.

७/ आणि ‘घेणार’ जर विधवा असेल तर? येथे सगळा वाद वसिष्ठाच्या एका वचनाभोवती फिरतो. पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये आणि घेऊ नये, असा त्याचा आशय. या एका वाक्याचे भारतभर चार अर्थ झाले. मिथिलेत : पती गेल्यावर अनुमती मिळणेच अशक्य, म्हणून विधवेला अधिकार नाही. बंगालात : पतीने हयातीत अनुमती दिली असेल तरच. द्रविड देशात : पतीची नसेल तर सपिंडांची अनुमती चालेल.

८/ चौथा अर्थ महाराष्ट्राचा. ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठ भट्ट यांचे कुळ मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले. त्यांच्या मते अनुमतीचे बंधन सधवेला आहे, विधवेला नाही. म्हणजे मराठी मुलखातील विधवा स्वतःच्या निर्णयाने दत्तक घेऊ शकते. १८६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मराठी प्रदेशापुरता हाच अर्थ उचलून धरला.

९/ हा अधिकार दुधारी होता. विभक्त कुटुंबातील निपुत्रिक विधवेकडे पतीची मालमत्ता हयातभर राही. दत्तक घेताच ती मुलाची होई. न घेतला, तर पतीच्या पिंडाचे काय, हा प्रश्न आणि दिरा-पुतण्यांची टपलेली नजर. म्हणून दत्तकपत्राआधी चोळी-पातळ, राहती खोली, सालीना रक्कम यांचे करार लिहून घेतले जात. जुन्या दप्तरांतील असे कागद वाचताना धर्म कोठे संपतो आणि पोटगी कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होते.

१०/ आता राज्याकडे. मराठेशाहीत सरदाराने दत्तक घेतला की वरिष्ठ सत्तेला नजर द्यायची आणि मान्यता मिळवायची, अशी रीत होती. मान्यतेला किंमत पडे. पण राज्य गिळण्याचा तो रस्ता नव्हता. कंपनीने या ‘मान्यते’चे रूपांतर ‘परवानगी’त केले. १८३४ मध्येच संचालक मंडळाने अशी परवानगी अपवाद म्हणून द्यावी, असे ठरवले होते. आंग्र्यांचे कुलाबा १८४० मध्ये खालसा झाले. डलहौसी १८४८ मध्ये आला. धोरण त्याच्या आधीचे, धडाका त्याचा.

११/ पहिला घाव साताऱ्यावर. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात राज्य ‘वारस आणि उत्तराधिकारी’ यांना दिलेले. ‘वारस’ या शब्दात दत्तक येतो की नाही? हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे निःसंशय येतो. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांनीही दत्तकाची बाजू घेतली. तरीही राज्य गेले.

१२/ ब्रह्मावर्तात १८५१ मध्ये दुसरे बाजीराव वारले. त्यांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेले धोंडोपंत म्हणजे नानासाहेब. वाडा आणि खासगी संपत्ती त्यांच्याकडे राहिली. सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन बंद. येथेही तीच वाटणी.

१३/ नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. डिसेंबर १८५३ मध्ये ते गेल्यावर राजघराण्यातील स्त्रियांनी भोसले कुळाशी नाते असलेला मुलगा घेतला, जानोजी. मराठी रिवाजाप्रमाणे हा विधवेचा अधिकार. कंपनीने तो मोजलाच नाही. खासगी मालमत्तेचा भेदही येथे धड पाळला गेला नाही. राजवाड्यातील हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघाले. उठावानंतर मात्र याच जानोजीला ‘देऊरचे राजाबहादूर’ म्हणून मान्यता मिळाली, कारण घराणे इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले होते. पुत्रत्व सिद्ध करणारा हा नवाच होम.

१४/ झाशीच्या राणीने केलेले अर्ज या पार्श्वभूमीवर वाचावेत. तिची लढाई प्रथम कागदावरची होती. १८१७ च्या तहातील शब्द, ओरछा-दतियासारख्या शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले आणि शास्त्रानुसार दत्तक व औरस यांत भेद नाही हा मुद्दा. यांतील एकाही मुद्द्याचे खंडन धर्मशास्त्राने होत नव्हते. ते झाले सार्वभौमत्वाच्या युक्तिवादाने : झाशी हे पेशव्यांच्या सुभेदाराचे आश्रित संस्थान, म्हणून वारसाचा निर्णय वरिष्ठ सत्तेचा.

१५/ १८५७ नंतर चक्र उलटे फिरले. कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या; अट राजनिष्ठेची. फळ लवकरच दिसले. १८७५ मध्ये बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव गायकवाड. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी कागलकर घाटग्यांचा यशवंतराव घेतला. तेच शाहू महाराज. कोल्हापूरच्या गादीवर तर लागोपाठ तीन छत्रपती दत्तक होते. तीस वर्षांपूर्वीचा नियम लागू असता, तर ही दोन्ही संस्थाने कलेक्टरच्या कचेरीत जमा झाली असती.

१६/ आणि दामोदरराव? ज्या खासगी संपत्तीचा तो निर्विवाद वारस ठरला होता, ती रक्कम कंपनीने तो सज्ञान होईपर्यंत स्वतःकडे ठेवली होती. त्याच्या मुंजीसाठी त्यातील पैसे मिळवायलाही राणीला जामीनदार उभे करावे लागले. उठावानंतर ती रक्कम त्याच्या हाती आली नाही. इंदूरला तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्याचे आयुष्य गेले. १९०६ मध्ये तो वारला. म्हणजे ‘वैध’ ठरलेला अर्धा भागही शेवटी त्याचा राहिला नाही.

१७/ स्वतंत्र भारतातील १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोमाची आवश्यकता काढून टाकली. प्रत्यक्ष ‘देणे-घेणे’ मात्र आवश्यकच ठेवले. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, त्यामुळे पिंडाचा आधार कायद्यापुरता मागे पडला. विधवा, अविवाहित आणि घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. पती हयात आणि नांदता असलेल्या स्त्रीला तो नव्हता. तो २०१० च्या दुरुस्तीने आला. आता पत्नीला पतीची संमती लागते आणि पतीला पत्नीची.