ओठ आणि पितळ : ट्रंपेटच्या माउथपीसची कथा

हुबळी-धारवाडच्या परिसराचे नाव निघाले की संगीतप्रेमी मराठी माणसाला किराणा घराणे आठवते, कुंदगोळ आठवते. तंबोऱ्याच्या या प्रदेशात ट्रंपेटसारख्या परदेशी वाद्याचा विचार कशाला, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्या वरातींतून बँड वाजू लागल्याला आता कित्येक पिढ्या लोटल्या, आणि त्या बँडच्या अग्रभागी चमकणाऱ्या ट्रंपेटला आपण कधी नीट पाहिलेले नाही. त्यातही त्याच्या टोकाशी बसवलेला तो बोटभर लांबीचा पितळी तुकडा, ज्याला वादक माउथपीस म्हणतात, त्याकडे तर मुळीच नाही. वादकाचा सूर आणि त्याच्या ओठांचे आयुष्य या दोहोंचा फैसला पुष्कळदा तेथेच होतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. तुतारी किंवा शिंग यांतून निघणारे स्वर निसर्गाने बांधून दिलेले असतात. नळीची लांबी ठरली की स्वरांची शिडीही ठरली. मधले सगळे स्वर हाती यावेत म्हणून युरोपात झडपांची योजना झाली. 1818 साली स्टोल्झेल व ब्ल्यूमेल या दोघांनी तिचे एकस्व घेतले, आणि 1839 च्या सुमारास पॅरिसच्या पेरिने यांनी दट्ट्याच्या झडपेला आज प्रचलित असलेले रूप दिले. तरीही नाद उत्पन्न करण्याचे काम ओठांकडेच राहिले. कंप पावतात ते ओठ. पितळ तो कंप झेलते आणि वाढवते.

आपल्याकडे ही विद्या रुजली ती मुख्यतः गोव्यातून. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवणे शिकवले जाई. पोटासाठी ही मुले पुढे मुंबई गाठत. कोणी आगबोटीने, तर कोणी मुरगाव-कॅसलरॉक मार्गाने घाट चढून लोंढ्याला येत आणि तेथून आगगाडीने. हा घाटमार्ग 1888 मध्ये खुला झाला. या परंपरेतले सर्वांत गाजलेले ट्रंपेटवादक म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो शाविएर वाझ. मुंबईत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आले आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांनी ‘अलबेला’ (1951) चित्रपटाच्या संगीतात त्यांचे साहाय्य घेतले. मास्टर भगवान यांच्या त्या चित्रपटात चिक यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. एका मराठी संगीतकाराच्या चाली गोव्याच्या ओठांतून देशभर पोचल्या, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

ज्यांचे नाव चिक यांना उपाधी म्हणून लाभले, त्या खुद्द आर्मस्ट्राँगची कथा मात्र इशारा देणारी आहे. एकामागून एक तार स्वर, आणि त्यासाठी ओठांवर पितळेचा जबर दाब, यांमुळे 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांचे ओठ फाटले आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. ओठाभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला चीर पडण्याच्या विकाराला वैद्यकात पुढे त्यांच्याच ‘सॅचमो’ या टोपणनावाने ओळखले जाऊ लागले.

म्हणून निवडीचा प्रश्न गंभीर आहे. माउथपीसचे तीन भाग महत्त्वाचे. पहिली त्याची कड. ती रुंद असेल तर दाब पसरतो, ओठ लवकर थकत नाहीत. पण स्वरावरून स्वरावर उडी घेण्याची चपळाई कमी होते. अरुंद कडेने चपळाई येते. मात्र ती ओठात रुतते. दुसरा भाग म्हणजे कडेच्या आतला पेला. तो खोल असेल तर नाद भरदार व गडद, उथळ असेल तर झगझगीत. तिसरा भाग म्हणजे पेल्याच्या बुडाशी असलेले, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरचे छिद्र. ते मोठे केले की आवाज मोकळा होतो, पण दम अधिक लागतो. तात्पर्य, येथे एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते.

या मापांना शिस्त लावणाऱ्यांत व्हिन्सेंट बाख (1890-1976) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. व्हिएन्नाजवळ जन्मलेले हे वादक अमेरिकेत गेले. त्यांचा आवडता माउथपीस एका कारागिराने दुरुस्तीत बिघडवला, तेव्हा त्यांनी स्वतःच लेथ घेऊन 1918 मध्ये न्यूयॉर्कला ते बनवण्यास आरंभ केला. त्यांच्या पद्धतीत अंक लहान तितका पेला रुंद, आणि अक्षर पुढचे तितका पेला उथळ. नवशिक्याच्या हाती बहुधा येणारा ‘7 सी’ आतून सुमारे 16.2 मिलिमीटर रुंद असतो.

उथळ पेला घेतला की तार स्वर आपोआप येतील, ही समजूत मात्र नवशिक्यांना फार महाग पडते. उथळपणाने तार स्वरांना थोडा उठाव मिळतो; स्वर चढतो तो दमाने आणि ओठांच्या कसाने. जाणते वादक पाच मिनिटांच्या परीक्षेवर विश्वास ठेवत नाहीत. एकच माउथपीस ते काही दिवस वापरतात, मंद्र स्वरही तपासतात, आणि ओठ थकल्यावर नाद कसा राहतो ते ऐकतात. दातांची ठेवण प्रत्येकाची निराळी, म्हणून थोर वादकाचे माप आपल्याला मानवेलच असे नाही.

आपल्या मुलखाला ही दृष्टी परकी नाही. कानडीत सनईला ‘सनादी’ म्हणतात, आणि 1977 च्या ‘सनादि अप्पण्ण’ या चित्रपटासाठी बिस्मिल्ला खाँ यांनी स्वतः वादन केले होते. सनईवालाही तोंडाशी बसवायची पत्ती ओली करून, तासून, आपल्या ओठाला जुळवून घेतो. कुंदगोळचे सवाई गंधर्व (1886-1952) यांचा गळा वयात येताना बिघडला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तो कष्टाने घडवला आणि मग त्याच गळ्याने रंगभूमी व मैफल जिंकली. उसना गळा कोणालाच मिळत नाही.

कानडी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या घराण्यांना हे वेगळे सांगायला नको. वाद्य परक्या देशाचे असो वा भूमी परक्या भाषेची, आपल्या ओठाला काय मानवते हे ओळखून धीराने जुळवून घेणाऱ्याचाच सूर टिकतो.